काट्याच्या पोटातली चिठ्ठी

९ फेब्रुवारी

तीर्थरूप आजोबांस,

तुमच्या छटाकचा नमस्कार. वाकून केलाय, पण लगेच उठले, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आत्याला आणि तिच्या मांजरालाही मी आठवण काढल्याचं सांगा. इकडे सगळे ठणठणीत. आईला दवाखान्यात नोंदणीची दुसरी खिडकी दिली आहे, दाराजवळची, त्यामुळे ती दिवसभर वारा खाते आणि संध्याकाळी घरी येऊन शिंकते. बाबा नेहमीसारखेच. दिवसाला एकूण चाळीस शब्द, त्यातले तीस गिऱ्हाइकांसाठी.

पत्र का लिहितेय ते तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच "बरं बरं" म्हणता. परवा मी प्रवेश परीक्षेचे मार्क सांगितले, तर म्हणालात, "बरं बरं, जपून राहा." अहो, तीनशेपैकी दोनशे बावन्न मिळालेत! त्यावर जपून राहा म्हणतात का कोणी? म्हणून आता सगळं लेखी.

विद्यापीठाच्या अभियांत्रिकी कॉलेजात उपकरणांची एक शाखा आहे. मोजमापाची यंत्रं कशी बनवायची आणि ती खोटं बोलायला लागली की कसं ओळखायचं, हे तिथे शिकवतात. म्हणजे आपल्या काटेदुरुस्तीच्या दुकानात जे चालतं तेच, फक्त फळ्यावर आणि चार वर्षं. जागा साठ. मला तीच शाखा हवी. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "पसंतीक्रमात आणखी दोन-चार नावं टाक गं." मी टाकली नाहीत. टाकली असती तर त्यांतलंच एखादं मिळालं असतं.

आता हिशेब. आपल्या घरचा नियम लावूनच केलाय: तीन वेळा वजन करायचं आणि आपल्याला सगळ्यात नकोसा असेल तो आकडा धरायचा. एकूण मार्क पाचशे. प्रवेश परीक्षेचे तीनशे, शाळेच्या लेखी परीक्षेचे दीडशे, प्रात्यक्षिकाचे पन्नास. या शाखेत शेवटच्या विद्यार्थ्याला कितीवर जागा मिळाली, ते गेल्या तीन वर्षांचं काढलं. चारशे अठरा, चारशे अकरा, चारशे तेवीस. नकोसा आकडा तेवीसचा, तो धरला. आता माझी बाजू. दोनशे बावन्न तर हातात आहेत. लेखी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तीन सराव परीक्षांत एकशे अडतीस, एकशे चौतीस आणि एकशे एकतीस पडले होते, त्यातले एकतीसच धरले. प्रात्यक्षिकाचे सत्तेचाळीस कुठे जात नाहीत. बेरीज चारशे तीस. म्हणजे सगळ्या बाजूंनी वाईट धरूनही मी सात मार्कांनी आत आहे. हा कागद मी बाबांना दाखवला. त्यांनी बेरीज तीन वेळा तपासली आणि म्हणाले, "हं." त्यांच्या चाळीस शब्दांतला एक खर्च झाला म्हणजे बघा.

वर्गातली मुलं रोज "आपलं काय होईल" म्हणून नखं खातात. मी डबा खाते.

दुकानातही मी आहेच. शनिवारी मी एकटीने भाजीबाजारातले चार काटे तपासले. एका भाजीवालीचा काटा तिच्याच नुकसानीचा होता, बिचारी किलोमागे वीस ग्रॅम जास्त देत होती. दुरुस्त केल्यावर ती माझ्यावरच चिडली, म्हणाली, "आता गिऱ्हाइकं म्हणतील मी कमी द्यायला लागले." तुमच्या पद्धतीने काट्याच्या पोटात चिठ्ठी लावली आणि पाचही रकाने भरले. कोणाला सांगितलं, आधीची चूक किती, नंतरची चूक किती, पुन्हा तपासणी कधी, आणि खूण. तुमची खूण गोलात टिंब, बाबांची त्रिकोण, माझी छ. आता चार काट्यांच्या पोटात माझी छ आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा सहा तारखेला झाली. चांगली झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

एक सहज विचारते. समजा, एखादा काटा रिकामा असताना शून्य बरोबर दाखवतो, पण वजन ठेवलं की जड दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, शून्य ठीक आहे म्हणजे सगळं ठीक आहे. आणि समजा, तो काटा आपल्यासमोर आला. तर तो तसाच सोडून पुढे जायचं का? तुम्ही नाही सोडणार. मला तुमचं उत्तर माहीत आहे, तरी लिहून पाठवा.

आणि हो, परवा अचानक तुमचं अक्षर माझ्यासमोर आलं. कुठे, ते भेटल्यावर.

तुमची, सात मार्कांनी आत असलेली,
छटाक


२४ फेब्रुवारी

तीर्थरूप आजोबांस,

नमस्कार. तुमचं कार्ड पोचलं. मी चार पानं लिहिली आणि उत्तर आलं चार शब्दांचं: "काटा कुणाचा होता, छटाक?" बाबा कुणावर गेलेत हे आता कळलं. मी "समजा" असं स्पष्ट लिहिलं होतं, समजा म्हटलेल्या काट्याला मालक नसतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात देईन.

आई बरी आहे. तिने खिडकीला पुठ्ठा लावून घेतला, शिंका थांबल्या. दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे धूळ फार. बाबा वजनांची पेटी दिवसातून दोनदा पुसतात, हातमोजे घालून, बोटांचा घाम लागू न देता. माझी लेखी परीक्षा बारा मार्चपासून. अभ्यास झालाय. दोनदा झालाय.

शाळेत मात्र एक लचांड उपटलंय. प्रात्यक्षिकाला आम्ही वीसजण होतो. प्रत्येकाने एकच धातूचा ठोकळा वजनकाट्यावर ठेवून वजन लिहायचं आणि पुढचं गणित करायचं. परीक्षकांकडे सकाळी आधीच मोजून ठेवलेला आकडा होता, दोनशे आठ ग्रॅम. पहिल्या दहाजणांचे आकडे तेच आले. पुढच्या दहाजणांनी लिहिलं, दोनशे. सगळ्यांनी. आता सतरा तारखेला मुख्याध्यापक बाईंनी त्या दहाजणांना खोलीत बोलावलं आणि विचारलं, "दहाजणांचं उत्तर चुकतं ते ठीक आहे. पण दहाजण एकच चूक कसे करतात?" म्हणजे कॉपी. कुणीतरी एकाने आकडा कुजबुजला आणि बाकीच्यांनी डोळे मिटून लिहिला, असं त्यांचं म्हणणं. एक मार्चपर्यंत ज्याने सुरुवात केली त्याने पुढे यायचं. नाही आला, तर दहाही जणांना त्या प्रयोगाचे वीसपैकी शून्य.

त्या दहाजणांत मी आहे. माझा नंबर अकरावा होता.

मी खोलीत सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं, "बाई, हा अन्याय आहे. आम्ही कॉपी केलेली नाही." बाकीच्यांनी माझ्याकडे इतक्या आशेने बघितलं की विचारू नका.

माझ्या बाकावर शेजारी मुंगी बसते. तिला तुम्ही पाहिलंय, दुकानात स्वयंपाकघरातला काटा घेऊन आली होती ती, भरभर चालणारी आणि सतत काहीतरी उचलून नेणारी. तिला औषधशास्त्राला जायचंय. तिचा हिशेब माझ्याइतका ऐसपैस नाही. वीस मार्क गेले तर ती थेट बाहेर, दुसरी वाटच नाही. ती त्या दिवसापासून डबा उघडते आणि तसाच बंद करते. मला म्हणते, "तू आहेस म्हणून मला धीर आहे गं. तुझं वजन कधी चुकायचं नाही. तू दोनशे लिहिलंस म्हणजे दोनशेच असणार." मी "हो" म्हणते.

माझा हिशेबही पुन्हा केला. सत्तेचाळीसचे सत्तावीस झाले तर बेरीज चारशे दहा. गेल्या तीन वर्षांतला सगळ्यात सोपा आकडा आहे चारशे अकरा. म्हणजे मी तिन्ही वेळा बाहेर, आणि एकदा तर फक्त एका मार्काने. पण हे होणार नाही. अजून पाच दिवस आहेत. काहीतरी निघेल.

आजोबा, तो काटा खरंच चुकीचा होता. पन्नासाला दोन जड दाखवत होता. आमची दहाही उत्तरं बरोबर आहेत. हे मला कसं माहीत, ते आत्ता विचारू नका.

घाईत आहे.
छटाक


२ मार्च

तीर्थरूप आजोबांस,

तुम्ही पत्र शेवटाकडून वाचायला घेता हे मला माहीत आहे. या वेळी तसं करू नका, पहिल्या पानावर या आणि इथूनच सुरू करा.

तुमचं दुसरं कार्ड शुक्रवारी आलं. "आत खूण केलीस?" ते वाचून मी जिन्यातच बसले. म्हणजे पहिल्या पत्रातच तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही मी सांगायची वाट बघत होतात. तुम्हाला कानाने ऐकू येत नाही म्हणून मी उगाच निर्धास्त होते.

तर ऐका. काट्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा लावला होता, एकाचा आकडा दुसऱ्याला दिसू नये म्हणून. माझी पाळी आली. मी ठोकळा ठेवला, सुई दोनशे आठवर थांबली. तो ठोकळा माझ्या हाताला दोनशे आठ लागत नव्हता. पाचवीत असल्यापासून तुम्ही माझ्या तळहातावर वजनं ठेवून आकडा ओळखायला लावलाय, तो हात थोडाच फसणार? तुम्ही दिलेलं पन्नासाचं पितळी वजन माझ्या कंपासपेटीत असतंच. ते ठेवलं. बावन्न. काढलं, शून्य. पुन्हा बावन्न. तीन वेळा केलं.

सरांना हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग मनात आलं, सांगितलं तर परीक्षा थांबणार, हे लोक कुणालातरी बोलावणार, अर्धा तास जाणार, आणि शेवटी जे अर्ध्या मिनिटाचं काम आहे तेच करणार. ते तर मला येतं. बारीक स्क्रू ड्रायव्हरही पेटीतच होता. मला माझी हुशारी दाखवायची होती, आजोबा. आडोशामागे बघायला कुणी नव्हतं तरी दाखवायची होती.

मागचे चार स्क्रू काढले. आत तुमची चिठ्ठी. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, तुमच्या हाताने आखलेले पाच रकाने, गोलात टिंब. "सांगितलं: मुख्याध्यापकांना." मला माहीतच नव्हतं की शाळेचे काटे कधीकाळी तुम्ही बघत होतात. तुमचं अक्षर बघून मला वाटलं, तुम्हीच शेजारी उभे आहात आणि "कर" म्हणताय. आतला जुळवणीचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. पन्नासाला पन्नास. आणि सवयीने, अगदी दुकानात असल्यासारखं, तुमच्या ओळीखाली उरलेल्या बोटभर जागेत माझी ओळ लिहिली. आधीची चूक पन्नासाला दोन जड, नंतरची शून्य, पुन्हा तपासणी वर्षभराने, छ, आणि कडेला तारीख. पहिल्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं? तिथे मी एक रेघ मारली.

झाकण लावलं, ठोकळा मोजला, दोनशे लिहिलं आणि शिट्टी वाजवायचीच बाकी ठेवून बाहेर आले. माझ्यानंतर नऊजण गेले. त्या सगळ्यांना काट्याने खरं सांगितलं आणि खरं लिहिल्याबद्दल ते कॉपीबहाद्दर ठरले. आपल्या घरच्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली असती? दुसऱ्या मुलीने मुकाट्याने दोनशे आठ लिहिलं असतं आणि ती घरी गेली असती.

यापुढचं लिहायला जास्त जड जातंय. तुमचं कार्ड आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अठ्ठावीस तारखेला, मधल्या सुट्टीत मी पट्टी विसरल्याचं सांगून प्रयोगशाळेत गेले. लॅबवाले काका पलीकडच्या मोरीत काचसामान धूत होते. मी काटा उघडला. सांगायला म्हणून उघडला नाही, आजोबा. चिठ्ठीतली माझी ओळ फाडून टाकायला उघडला. ती नसली तर काटा कधी आणि कुणी दुरुस्त केला हे कुणालाही कळलं नसतं. मग मी छाती ठोकून म्हटलं असतं की काटा आधीपासूनच बरोबर आहे, सकाळी मोजणारेच चुकले. सगळे सुटले असते, मीसुद्धा. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. सकाळी तो ठोकळा लॅबवाल्या काकांनी मोजला होता. त्यांच्यावर आलं असतं ते. तेव्हा मी त्यांचा विचारच केला नव्हता, आणि ते पलीकडे भांडी धुताना गाणं गुणगुणत होते.

चिठ्ठी हातात घेतली. माझी ओळ तुमच्या ओळीला इतकी चिकटून होती की ती फाडायची तर तुमचं गोलातलं टिंबही जाणार. मी नखाने घडी घालून बघितली. दोनदा बघितली. मग ती घडी बोटाने सरळ केली, काटा तसाच उघडा ठेवला आणि चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाई, हा काटा शाळेचा आहे. उघडायच्या आधी सांगायला हवं होतं. आत्ता सांगायला आलेय."

काल रविवार असूनही शाळेत सगळ्यांसमोर तपासणी झाली. परीक्षक आले, आम्ही दहाजण, लॅबवाले काका, आणि बाबा, वजनांची पेटी आणि हातमोजे घेऊन. घरी मी त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि म्हणाले, "पेटी मी उचलतो." बस. परीक्षकांनी अर्धा आटा उलटा फिरवायला लावला. ठोकळा दोनशे आठ. पुन्हा सुलटा, दोनशे. मुलांतून असा आवाज आला, जसा काही मी हातातून कबूतर काढलं. मला थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात बाबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ही रेघ कसली?"

माझे कान इतके तापले की वाटलं, बाजूच्यांना ऊब लागत असेल.

परीक्षक म्हणाले, "काटा बरोबर केलास. परीक्षा बिघडवलीस. दोन्हीचा हिशेब वेगळा होणार." नऊजणांना पूर्ण मार्क. माझे दहा कापले, आणि गुणपत्रिकेवर शेरा येणार: परीक्षेदरम्यान परवानगीशिवाय उपकरण उघडले.

नवीन बेरीज चारशे वीस. घरच्या नियमाने मी तीन मार्कांनी बाहेर. पण आजोबा, नियम मी दोन्ही बाजूंना लावलाय हे विसरू नका. लेखीचे मीही नकोसेच धरलेत, एकतीस. चौतीस पडले तर चारशे तेवीस. परीक्षा दहा दिवसांवर आहे आणि मला भीती वाटत नाही. रात्री नऊला पडते ती सहाला उठते, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

मुंगीही तिथे होती. ती काही बोलली नाही. बाकी सगळं ठीक आहे.

तुमचा नातू असते तर कान पिळला असतात, नात आहे म्हणून सोडू नका.
छटाक


१८ जून

तीर्थरूप आजोबांस,

नमस्कार. निकाल या पत्रात आहे, पण शेवटी नाही. तुमची सवय ओळखून मधेच कुठेतरी लपवलाय. शोधा.

आत्याच्या मांजराला चार पिल्लं झाल्याचं कळलं. त्यांची वजनं रोज लिहून ठेवताय असंही कळलं. पाचही रकाने भरताय ना? मांजराला आधी सांगत जा.

गेल्या आठवड्यात कागदपत्रं तपासायला विद्यापीठात गेले होते. बाबा बरोबर होते, ते बाहेर कट्ट्यावर बसले. टेबलापलीकडे एक पिकल्या केसांचे प्राध्यापक होते. त्यांनी शेरा वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "काटा चुकीचा आहे हे कळलं, तर सांगितलं का नाहीस?" रस्ताभर मी फार छान उत्तर पाठ केलं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. म्हटलं, "मला वाटलं, मी बरोबर आहे एवढं पुरे." ते म्हणाले, "इथे येणाऱ्या साठांतल्या पन्नासजणांना तसंच वाटतं." मग शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. लेखीला एकशे चौतीस पडले होते, बेरीज चारशे तेवीस. परवा यादी लागली, आम्ही पुन्हा गेलो; या वर्षी ती चारशे एकवीसला थांबली. मी अठ्ठावन्नावी आहे. कट्ट्यावर जाऊन सांगितलं तर बाबा उठले, मला बाजूला उभं केलं आणि फलकावरचं माझं नाव तीन वेळा वाचून आले. येताना रस्त्यात बोलत होते. मी मोजले नाहीत, पण चाळीसच्या कितीतरी पुढे गेले असतील.

आई रडली. खिडकीवर रांगेत उभ्या असलेल्या माणसांनाही तिने सांगितलं. त्यातल्या एकाने म्हणे विचारलं, "मग आता माझा नंबर कधी?"

तुमचं तिसरं कार्ड मार्चपासून माझ्या टेबलावर आहे. "राहिलं कोण?" दोनच शब्द. दर वेळी तुमचे शब्द कमी होतात आणि मला लिहावं मात्र जास्त लागतं. इतके दिवस मी त्या कार्डावर पेला ठेवत होते. आज यादीच्या आनंदात पेला उचलला आणि ते दिसलं.

मुंगी राहिली, आजोबा. मी बाईंना सांगितलं, परीक्षकांना सांगितलं, बाबांना, तुम्हाला, अगदी लॅबवाल्या काकांनाही जाऊन सांगितलं की मी तुमच्यावर ढकलणार होते. ते हसले, म्हणाले, "पोरी, माझ्यावर रोजच काहीतरी येतं." मुंगीला मात्र सगळ्यांबरोबर, सगळ्यांसमोर कळलं. मी तिला बाजूला घेऊन एक शब्द सांगितला नाही. त्या दिवशी ती काही बोलली नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. बाहेर व्हरांड्यात ती एवढंच म्हणाली, "अकरा दिवस माझ्या शेजारी बसून डबा खाल्लास." मी म्हटलं, "पण तुझे मार्क तर परत मिळाले ना?" ती भरभर चालत निघून गेली. त्यानंतर लेखी परीक्षेत ती पुढच्या बाकावर होती. सहा दिवस मी तिची वेणी बघून पेपर लिहिले.

तिला औषधशास्त्राला जागा मिळाली. मला हे तिच्या आईकडून कळलं, किराणा दुकानात. तिचं घर आपल्यापासून दोन गल्ल्या पुढे आहे. मी तिथून रोज जाते, कारण भाजीबाजाराचा रस्ता तोच, आणि रोज पलीकडच्या बाजूने जाते. चारशे तेवीस मार्क मिळवणारी, विद्यापीठात अठ्ठावन्नावी, परीक्षकांसमोर काटा उघडणारी मी त्या दाराची कडी वाजवायला घाबरते. हे मी कुठल्याच हिशेबात धरलं नव्हतं.

मुंगी म्हणाली होती, तुझं वजन कधी चुकायचं नाही. तिचा माझ्यावरचा विश्वास काट्याहून मोठा होता आणि मी त्याच्यावर बसून डबा खाल्ला. तिने माफ करावं असं मी म्हणणार नाही. तिचा तो हक्क आहे. पण सांगणं माझं काम आहे, आणि ते तिच्या दारात उभं राहून करायचंय. आज संध्याकाळी एक कागद घेतला, तुमच्यासारखेच पाच रकाने आखले. पहिला रकाना या वेळी रिकामा ठेवला नाही.

सांगितलं: आजोबांना.
आधीची चूक: अकरा दिवस, आणि त्यावर साडेतीन महिने.
नंतरची चूक: अजून मोजायची आहे.
पुन्हा तपासणी: उद्या सकाळी, मुंगीच्या दारात.
खूण: छ